खोक्यावरचा आकडा आणि तोंडावरचा उजेड

(रेडिओवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

घरात वस्तू आणायची ती आपल्या उपयोगासाठी, अशी आपली साधी समजूत असते. पंख्याचा वारा आपल्याला लागतो, चष्म्यातून आपल्याला दिसते, रेडिओ आपल्याला ऐकू येतो. संगणकाला जोडायचा छोटा कॅमेरा, ज्याला सगळे वेबकॅम म्हणतात, तो मात्र या नियमात बसत नाही. पैसे आपण मोजायचे आणि उपयोग व्हायचा पलीकडच्याला! पडद्यावर समोरचा माणूस आपल्याला स्वच्छ दिसतो तो त्याच्या कॅमेऱ्यामुळे. आपला कॅमेरा बरा की वाईट हे त्याला कळते, आणि तो बहुधा भिडेपोटी बोलत नाही. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आपलेही चित्र दिसते हे खरे. पण ते आपल्याच संगणकातून आलेले, वाटेत काहीही न हरवलेले असते. पलीकडे पोहोचते ते निराळेच.

आता हा हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. लातूर-नांदेडच्या मुलाची पुण्यातल्या नोकरीसाठी पहिली मुलाखत पडद्यावरच होते. न्यू जर्सीतली मुलगी रविवारी सकाळी आईशी बोलताना शब्दांपेक्षा तिचा चेहरा वाचत असते : डोळे सुजलेत का, गाल बसलेत का. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सल्ल्याच्या मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या, तेव्हापासून अंगावरचे पुरळ डॉक्टरांना कॅमेऱ्यातून दाखवण्याची वाट रीतसर मोकळी झाली. आणि न्यायालयाचे म्हणाल, तर २००३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात, अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येईल, असा निर्णय दिला होता. इतके सगळे ज्या अंगठ्याएवढ्या भिंगावर अवलंबून, ते निवडताना आपण पाहतो काय? तर खोक्यावर मोठ्या टायपात छापलेला आकडा. तो आकडाच बहुतेक वेळा सर्वांत कमी कामाचा असतो. तो का, हे आज पाहू.

कॉफीचे भांडे

सुरुवात वेबकॅमच्या जन्मापासून करू. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचे एकच भांडे असे. दुसऱ्या मजल्यांवरची मंडळी जिने चढून यायची, आणि भांडे रिकामे! १९९१ साली तिथल्या संशोधकांनी भांड्यासमोर एक कॅमेरा बसवला आणि त्याचे चित्र सगळ्यांच्या संगणकावर दिसेल अशी सोय केली. १९९३च्या नोव्हेंबरात ते चित्र इंटरनेटवर आले आणि जगभरचे लोक केंब्रिजमध्ये कॉफी उरली आहे का, हे पाहू लागले. कॅमेरा बंद झाला २००१च्या ऑगस्टमध्ये. ते भांडे लिलावात ३,३५० पौंडांना विकले गेले. घेतले जर्मनीतल्या ‘डेर श्पीगेल’ने.

त्या चित्रात ठिपके किती होते? आडवे १२८ आणि उभे १२८. म्हणजे एकूण १६ हजार ३८४. तेही रंगीत नव्हे, करडे. मिनिटाला साधारण तीन वेळा चित्र बदलायचे. आजच्या हिशेबाने हा कॅमेरा भंगारातसुद्धा कोणी घेणार नाही. पण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो चोख देत होता. भांड्यात कॉफी आहे की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि भांडे काही धावत-पळत भरत नाही.

इथे पहिला धडा मिळतो. कॅमेरा किती भारी, हे नंतर विचारावे. आधी विचारावे, की पलीकडच्याला पाहायचे काय आहे? चेहरा, वहीचे पान, तबल्यावरची बोटे, की पूजेचा सगळा मांड? या चारांना चार निरनिराळ्या गोष्टी लागतात.

आकड्यांचा हिशेब

खोक्यावर लिहिलेले असते ७२०, १०८० किंवा फोर-के. हे आकडे चित्रातल्या ठिपक्यांचे. ७२०च्या चित्रात १२८० आडवे आणि ७२० उभे, म्हणजे सुमारे ९ लाख २१ हजार ठिपके. १०८०च्या चित्रात २० लाख ७३ हजार. फोर-के म्हणजे जवळजवळ ८३ लाख. ऐकायला उत्तम. आता हे ठिपके प्रवास कसा करतात ते पाहा.

१०८०चे एक चित्र, प्रत्येक ठिपक्याला १६ बिट, आणि सेकंदाला ३० चित्रे. गुणाकार केला तर सेकंदाला ९९ कोटींहून अधिक बिट होतात. कॅमेरा संगणकाला ज्या यूएसबी तारेने जोडतो, तिच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे अजूनही बहुतेक वेबकॅमला असते तिची, कागदोपत्री कमाल क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट. म्हणजे संगणकापर्यंतच्या दीड मीटरच्या तारेतच अर्धा माल मावत नाही. म्हणून कॅमेरा आतल्या आत चित्र दाबून, घडी घालून पाठवतो. मग संगणक ती घडी उलगडतो, आणि झूम किंवा गूगल मीटसारखा कार्यक्रम तिची पुन्हा, आणि कितीतरी घट्ट, घडी घालतो. झूमच्याच सांगण्यानुसार दोघांच्या बोलण्यात ७२०च्या चित्राला सेकंदाला सुमारे १२ लाख बिट लागतात. ९९ कोटींच्या शेजारी हे १२ लाख ठेवून पाहा, म्हणजे वाटेत किती गाळ पडला ते कळेल. १०८०चे चित्र पाठवायचे तर ३० लाखांच्या पुढे लागतात. आणि चर्चेत दहा-बारा जण असले की प्रत्येकाच्या वाट्याला पडद्यावरची पोस्टकार्डाएवढी चौकट येते. तिथे फोर-के कॅमेऱ्याचे ८३ लाख ठिपके पोहोचतच नाहीत.

तेव्हा रोजच्या बोलण्यासाठी ७२० चालते आणि १०८० भरपूर होते. स्वस्त खोक्यांवर कधी कधी ‘२० मेगापिक्सेल’ असेही छापलेले असते. असे मोठे आकडे पुष्कळदा ठिपके सॉफ्टवेअरने फुगवून काढलेले असतात. पातळ वरणात पाणी घालून पंगत उठवण्याचाच तो प्रकार.

परातीतल्या वाट्या

मग चित्र चांगले येते ते कशाने? उजेडाने. आणि कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरच्या आकाराने. सेन्सर म्हणजे जिथे चित्र उमटते ती चकती. साध्या वेबकॅममध्ये ती जेमतेम तीन-साडेतीन मिलिमीटर रुंद असते.

पावसात अंगणात एक परात ठेवली आहे आणि तिच्यात वाट्या मांडल्या आहेत, अशी कल्पना करा. परात म्हणजे सेन्सर, वाट्या म्हणजे ठिपके आणि पाऊस म्हणजे उजेड. परात तेवढीच ठेवून वाट्यांची संख्या चौपट केली, तर प्रत्येक वाटी लहान होणार आणि तिच्यात पाणी कमी पडणार. मुसळधार पावसात याने बिघडत नाही. सगळ्या वाट्या सारख्या भरतात. पण नुसती भुरभुर असेल तर? एका वाटीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत एकही नाही. उजेडाचेही असेच होते. कमी उजेडात शेजारशेजारच्या ठिपक्यांना कमीजास्त प्रकाश मिळतो, आणि जिथे सपाट गाल दिसायला हवा तिथे वळवळणारे कण दिसतात. अँटेना हलला की दूरदर्शनच्या पडद्यावर मुंग्या यायच्या, साधारण तशा. हे कण लपवायला कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि माणूस मेणाचा दिसू लागतो. शिवाय कण दर क्षणाला बदलत असल्यामुळे त्या चित्राची घडी नीट बसत नाही. इंटरनेटची निम्मी ताकद मुंग्या वाहून नेण्यातच जाते आणि चेहऱ्याचे चौकोन पडतात.

आपल्याला वाटते, घरात उजेड तर पुष्कळ आहे. हा डोळ्यांचा मोठेपणा! एक मेणबत्ती एक मीटरवर ठेवली की जेवढा उजेड पडतो तो साधारण एक लक्स. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात आणि रात्री ट्यूबलाइट लावलेल्या बैठकीच्या खोलीत शंभर-दीडशे. हजारपट फरक, पण डोळा तो जाणवू देत नाही. कॅमेऱ्याला ही विद्या साधलेली नाही. उजेड कमी पडला की तो प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ थांबतो. सेकंदाला तीसऐवजी पंधराच चित्रे निघतात आणि हात हलवला की हाताच्या जागी धूसर पट्टा दिसतो. पुष्कळ लोक तेव्हा ‘नेट स्लो आहे’ म्हणतात. दोष पुष्कळदा नेटचा नसतो, दिव्याचा असतो.

म्हणून कॅमेऱ्यावर हजारो रुपये घालण्याआधी खुर्ची फिरवून पाहावी. दिवसा खिडकी पाठीमागे नको, तोंडासमोर हवी. पाठीमागे खिडकी असली की कॅमेरा आभाळाचा उजेड मोजतो आणि आपला चेहरा काळा करून टाकतो. रात्री डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली खाचा पडतात. त्यापेक्षा पडद्याच्या बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, एक टेबललॅम्प ठेवावा. दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर तो पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. भिंतीवरून परतलेला उजेड मऊ असतो. दिवा जवळ असावा, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. एक पिवळा बल्ब आणि एक पांढरी ट्यूब असे मिश्रण मात्र टाळावे. कॅमेऱ्याला पांढरे कशाला म्हणायचे ते कळेनासे होते, आणि डॉक्टरांना पुरळ दाखवायचे असेल तर तो लाल की तपकिरी, हा फरकच हरवतो.

दिव्याचीच आणखी एक गंमत. चित्रावर काळसर आडवे पट्टे वरून खाली सरकताना पाहिलेत? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चालणारी चोकची ट्यूब, आणि काही स्वस्त एलईडीसुद्धा, सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथे १२० वेळा. कॅमेऱ्याची मांडणी अमेरिकेच्या हिशेबाने राहिली असेल तर त्याची आणि आपल्या दिव्याची पावले जुळत नाहीत आणि पट्टे सरकू लागतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ किंवा ‘पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी’ अशी ओळ असते. तिथे ६०च्या जागी ५० करायचे. एवढ्याशा गोष्टीसाठी चांगले कॅमेरे बाद ठरवले जातात.

कोन, नजर आणि फोकस

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे कोन. बहुतेक खोक्यांवर तो अंशांत दिलेला असतो. आपण कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे हातभर अंतरावर बसलो आहोत असे धरू. ६० अंशांच्या कॅमेऱ्यात साधारण ६० सेंटिमीटर रुंदीचे दृश्य मावते : एक माणूस, खांद्यांसकट. ७८ अंशांत सुमारे ८५ सेंटिमीटर : माणूस आणि मागची थोडी खोली. ९० अंशांत एक मीटरहून जास्त : शेजारी दुसरा माणूसही बसू शकतो. मुलाखतीला किंवा एकट्याच्या बोलण्याला ६० ते ८० अंश पुरे. आजी-आजोबा दोघे मिळून नातवाशी बोलणार असतील तर ९० घ्यावा. ‘जास्त कोन म्हणजे जास्त चांगला’ हे मात्र खरे नाही. एकट्या माणसाला ९० अंशांत बसवले की चेहरा लहान होतो, आणि वाळत घातलेले कपडे, उघडे कपाट, खुंटीवरच्या पिशव्या असा सगळा संसार न मागता दिसू लागतो.

तिसरी गोष्ट फोकसची. स्वस्त कॅमेऱ्याचा फोकस कारखान्यातच पक्का केलेला असतो. हातभर अंतरावरच्या चेहऱ्याला तो उत्तम चालतो आणि बोलताना मागेपुढे झाले तरी डळमळत नाही. पण वहीचे पान किंवा औषधाची चिठ्ठी जवळ धरली की अक्षरे पुसट होतात. शिकवणी घेणाऱ्यांनी, वस्तू दाखवून विकणाऱ्यांनी, डॉक्टरांशी वरचेवर बोलणाऱ्यांनी ऑटोफोकस घ्यावा, आणि तो बंद करण्याची सोय आहे ना तेही विचारावे. कारण काही कॅमेरे हात हलला की चेहरा सोडून हाताच्या मागे लागतात आणि चित्र सारखे आतबाहेर होत राहते.

आता नजरेचे. चित्रासह बोलण्याचा खटाटोप जुना आहे. जर्मनीच्या टपालखात्याने १९३६ साली बर्लिन आणि लाइपझिगमध्ये अशी सेवा सुरू केली होती. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ दाखवला आणि १९७० साली पिट्सबर्गमध्ये तो विक्रीस आणला. तो महाग होता आणि चालला नाही. पण नजरेची जी अडचण तेव्हा होती ती आजही तशीच आहे : आपण पाहतो पडद्याकडे आणि आपल्याकडे पाहणारा डोळा असतो पडद्याच्या वर. त्यामुळे पलीकडच्याला आपण नेहमी खाली पाहून बोलतोय असे वाटते. लॅपटॉप मांडीवर किंवा टेबलावर सपाट ठेवला तर आणखी वाईट. समोरच्याला आपल्या नाकपुड्या आणि छताचा पंखा दिसतो. यावर उपाय फुकटचा आहे. लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवावा, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणावा, आणि समोरच्याची चौकट ओढून कॅमेऱ्याच्या जवळात जवळ न्यावी. वेगळा वेबकॅम घेण्याचा खरा फायदा इथे आहे. तो हवा तिथे, हव्या त्या उंचीवर ठेवता येतो. म्हणून घेताना त्याच्या पोटाला स्टँडचा स्क्रू बसतो का आणि त्याची चिमटी आपल्या पडद्याला धरते का, हे अवश्य पाहावे.

आधी कान, मग डोळे

चित्र क्षणभर अडखळले तर माणूस वाट पाहतो. आवाज तुटला तर बोलणेच तुटते. तरीही वेबकॅम घेताना आवाजाचा विचार शेवटी होतो. कॅमेऱ्यातच माइक असतो, पण तो तोंडापासून दोन फुटांवर. त्याला आपल्या आवाजाइतकाच पंखा, मिक्सर आणि कुकरची शिट्टीही ऐकू येते. तारेच्या साध्या इअरफोनचा माइक तोंडाजवळ असतो, म्हणून तो पुष्कळदा महाग कॅमेऱ्यातल्या माइकहून बरा ठरतो. शिवाय इअरफोन लावला की पलीकडच्याचा आवाज आपल्या माइकमध्ये शिरत नाही आणि घुमत नाही.

संगीत शिकवणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. बोलण्याचे हे कार्यक्रम पार्श्वभूमीचा गोंगाट आपोआप कापतात. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, अशी त्यांची व्याख्या. तानपुरा तर एकसारखाच चालतो! तो बिचारा पंख्याच्या रांगेत बसतो आणि कापला जातो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय यासाठीच आहे. ती चालू केली की सूर जसाच्या तसा जातो. तबल्याच्या शिक्षकांनी कॅमेरा सेकंदाला ६० चित्रांचा घ्यावा, आणि उजेड भरपूर ठेवावा. ‘तिरकिट’ वाजवणारी बोटे सेकंदाला १५ चित्रांत शिष्याला दिसणारच नाहीत.

बोलणे वेगळे, प्रक्षेपण वेगळे

व्हिडिओवर बोलणे आणि थेट प्रक्षेपण करणे, यात लोक गल्लत करतात. बोलण्यात विलंब चालत नाही. आपला शब्द पलीकडे पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग लागला तर जाणवत नाही; अर्धा सेकंद लागला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. म्हणून असे कार्यक्रम वेळ वाचवण्यासाठी चित्राचा बळी देतात. कीर्तन किंवा गणपतीची आरती यूट्यूबवर दाखवायची तर पाहणाऱ्याला काही सेकंद उशिरा दिसले तरी त्याचे काही अडत नाही. तेवढ्या वेळात चित्र नीट जुळवून घेता येते, म्हणून तिथे १०८०चा चांगला कॅमेरा आपले पैसे वसूल करतो.

मात्र त्याला इंटरनेटचा ‘अपलोड’चा वेग लागतो. जाहिरातीत येतो तो बहुतेक वेळा ‘डाउनलोड’चा, म्हणजे आपल्याकडे येण्याचा वेग. आपण पाठवणार आहोत, तेव्हा जाण्याचा वेग मोजावा. बोलण्याला दोन-तीन मेगाबिट खात्रीचे असले की भागते. १०८०च्या थेट प्रक्षेपणाला दहाच्या आसपास सलग मिळावेत. शक्य तर राउटरपासून तार ओढावी, कारण वाय-फाय दोन भिंतींपलीकडे दमते. आणि एक व्यावहारिक गोष्ट : यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करायचे असेल तर परवानगी सुरू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. ते आदल्या दिवशी करून ठेवावे. मुंजीच्या सकाळी, भटजी येऊन बसल्यावर नव्हे.

कॅमेरा घ्यायचाच का?

बऱ्याच घरांत याचे उत्तर ‘नको’ असे आहे. खिशातल्या फोनचा मागचा कॅमेरा साध्या वेबकॅमहून कितीतरी सरस असतो. त्याची ‘परात’ मोठी असते. ॲपलने २०२२ साली आयफोन मॅक संगणकाचा कॅमेरा म्हणून वापरण्याची सोय दिली. २०२३ साली आलेल्या चौदाव्या अँड्रॉइडपासून काही फोन यूएसबी तारेने जोडले की थेट वेबकॅम होतात. महिन्यातून दोनदा बोलायचे असेल तर फोनचा एक स्टँड आणि एक दिवा पुरतो. रोज चार तास शिकवायचे असेल तर मात्र वेगळा वेबकॅम घ्यावा. फोन तापतो, बॅटरी उतरते, आणि ऐन तासात मावशींचा फोन येतो.

घ्यायचा ठरलाच, तर दुकानात विचारायच्या गोष्टी थोड्या आहेत. कुठलेही सॉफ्टवेअर न घालता, नुसता जोडला की चालतो का? वेबकॅमसाठी यूएसबीचे एक सामाईक मानक २००३ सालापासून आहे. ते पाळणारा कॅमेरा कोणत्याही संगणकावर, कोणत्याही कार्यक्रमात चालतो. हे महत्त्वाचे, कारण कार्यक्रम येतात आणि जातात. एके काळी परदेशातल्या मुलांशी बोलणे म्हणजे स्काइप असे समीकरण होते. ते मे २०२५ मध्ये बंद झाले. कोन किती? फोकस पक्का की आपोआप? तार आपल्या टेबलाला पुरते का? आणि सर्वांत शेवटचा प्रश्न, परत घेता का? दुकानातल्या लखलखाटात कुठलाही कॅमेरा छान दिसतो. घरी आणून रात्री आठ वाजता, आपल्या नेहमीच्या जागी बसून तपासावा, आणि तपासताना पलीकडच्याला विचारावे.

एक काळजी घ्यावी. कॅमेऱ्याशेजारचा छोटा दिवा पेटलेला नाही म्हणजे कोणी पाहत नाही, असे समजू नये. काही जुन्या लॅपटॉपमध्ये दिवा न पेटवता कॅमेरा सुरू करता येतो, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले. २०१६ साली फेसबुकच्या मार्क झकरबर्ग यांच्या छायाचित्रात त्यांच्या लॅपटॉपचा कॅमेरा चिकटपट्टीने झाकलेला दिसला आणि जगभर चर्चा झाली. वेगळ्या वेबकॅमला सोपा उपाय आहे, तार काढून ठेवायची. लॅपटॉपला कागदाची पातळ पट्टी पुरे; जाड झाकण लावून लॅपटॉप मिटला तर पडदा तडकू शकतो. आणि कॅमेऱ्यासमोर बसवून ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे कोणी गणवेशातला माणूस सांगू लागला, तर बोलणे तिथेच तोडावे. अशी अटक कायद्यात नाहीच, हे सरकारने २०२४ साली वारंवार सांगितले आहे.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी उजेड, मग आवाज, मग कॅमेऱ्याची उंची, मग इंटरनेट, आणि पाचव्या नंबरावर कॅमेरा. पहिल्या चारांना मिळून पुष्कळदा हजार रुपयेही लागत नाहीत, आणि ते जमल्यावर साधा कॅमेराही आपले काम करतो. ते न करता महागडा कॅमेरा आणला, तर अंधारातला चेहरा अधिक ठिपक्यांत अंधारलेलाच दिसेल. दूरदेशी बसलेल्या मुलीला आईचा चेहरा नीट दिसावा, एवढेच आपल्याला करायचे आहे. आजच्या रात्रीपुरते, टेबलावरचा दिवा आईच्या तोंडाकडे वळवून पाहा. पलीकडून आपणहून कोणी काही म्हणते का, ते ऐका.